इकबाल, तू कापलेली बुलेट

इकबाल, गाडी मी घरी आणली.

शबानाभाभीनंच फोन केला होता. "भाऊ, गाडी घेऊन जा. दुकान उघडलं का ते समोरच दिसते, मंग झाडू हातात तसाच राह्यते," म्हणाली. तुझ्या बायकोचा आवाज इतका लहान झालेला मी आजवर ऐकला नव्हता. मी गेलो. तिनं शटर अर्धंच वर केलं होतं, वाकून आत जावं लागलं. आत सगळं जागच्या जागी होतं. तुझा वेल्डिंगचा काळा चष्मा खिळ्याला, गॅसच्या नळ्या वेटोळं करून कोपऱ्यात. तुझी माती होऊन फार दिवस झाले नाहीत, तरी ऐरणीवर गंज धरायला लागला होता.

भाभीसमोर किक मारायची हिंमत झाली नाही. तिला तो आवाज ऐकू द्यायचा नव्हता की मलाच ऐकायचा नव्हता, सांगता येत नाही. बसस्टँडपर्यंत ढकलत नेली. लोक बघत होते. एवढी लांब गाडी हाताला धरून नेणारा माणूस वरात संपल्यावर घोडी परत नेणाऱ्यासारखा दिसतो. तू असतास तर हसला असतास आणि मदतीला आला नसतास.

आता ती अंगणात उभी आहे आणि मी खाटेवर बसून तुझ्याशी बोलतो आहे. घरात दुसरं कोणी नाही, हे तुला माहीतच आहे.

मंदा गेली तेव्हाही हे घर असंच झालं होतं. साध्या तापाचं निमित्त झालं आणि माझी बायको गेली. त्यानंतर मी राइस मिलमधलं फिटरचं काम तेवढं करायचो, घरी यायचो, दार लावून घ्यायचो. पल्लवी पुण्याहून फोन करायची, "बाबा, जेवलात?" मी जेवलो म्हणायचो. पोरीला बापाचं खोटं कळतं, पण तिथून ती करणार काय? गावातले लोक येऊन बसले, चहा पिऊन गेले. सगळे चांगलंच बोलले. तू मात्र काही बोलला नाहीस. तू आलास तो सरळ गोठ्याकडे गेलास. तिथं बारदान टाकून बाबांची जुनी बुलेट उभी होती आणि तिच्या सीटवर कोंबडी बसली होती.

"हे काऊन सडवून राह्यला बे?"

"राहू दे. बाबाची हाय."

"बाबाची होती तवा चालत होती. आता कोंबडीची हाय."

दुसऱ्या दिवशी मी मिलमध्ये असताना तू छोटा हत्ती टेम्पो आणलास आणि गाडी चढवून घेऊन गेलास. मी भांडायला दुकानात आलो. "मले विचारलं काय?" तू मान वर न करता म्हणालास, "विचारलं असतं तं नाई म्हटलं असतं. म्हून नाई विचारलं."

मग मोबाइल काढून तू मला तो फोटो दाखवलास. पुढचं चाक लांब कुठंतरी गेलेलं, हँडल माणसाच्या खांद्याएवढं उंच, टाकी पेरूएवढी. मला ती गाडी आजारी वाटली. तू म्हणालास, याला चॉपर म्हणतात, आधी गाडी कापावी लागते म्हणून चॉपर. आणि मग तू जे बोललास ते तुझ्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. "जिंदगीभर गेट बनवले, इलास. खिडक्याचे ग्रिल, धानाच्या कोठ्या. सारं लोकायनं सांगतलेलं. एक तरी चीज अशी बनवतो का जे मले कोणी सांगतली नाई."

विलास तू मला शाळेतही कधी म्हटलं नाहीस. तुझ्यामुळं वर्गात सगळ्यांचा इलासच झालो.

तरी त्या दिवशी तू ग्राइंडर चालू केलास तेव्हा मी फ्रेमवर हात ठेवला. नकोच, म्हटलं. त्याच गाडीवर मंदा माझ्यामागं बसून मार्कंड्याच्या जत्रेला आली होती. वैनगंगेच्या वाळूत चाक फसलं तेव्हा चपला हँडलला अडकवून, लुगडं खोचून तिनं मागून धक्का दिला होता, आणि गाडी निघाल्यावर मी भानात नसल्यासारखा तिला तिथंच सोडून पुढं गेलो होतो. ती मागून ओरडत होती. हे तुला सांगितलं नव्हतं. पण तुला काहीतरी कळलं असावं, कारण तू ग्राइंडर बंद केलास.

"खरं सांग. जशी हाय तशी नवी करून देतो. चकाचक. चालवशील?"

मी फ्रेमवरची धूळ बोटानं पुसत राहिलो.

"नाई चालवशील. मागं वळून पाहशील आन् उतरून जाशील. म्हून दुसरी बनवून राह्यलो."

मग खिळ्यावरचा चष्मा माझ्या हातात दिलास आणि म्हणालास, "पकड." मी फ्रेम पकडली. ठिणग्या माझ्या चपलांवर पडत होत्या. मला रडू येईल असं वाटलं होतं, पण आलं नाही. कापायचं काम फार मोठ्या आवाजाचं असतं. दुसरं काही मनात राहतच नाही.

त्यानंतर मिल सुटली की मी दुकानात यायला लागलो. मिलच्या भंगारातला एक गर्डर आणून आपण त्यावर फ्रेम आवळली. हँडलची मान पुढं झुकवायची, वेल्डिंगचे दोन टाके मारून नुसतं टाचायचं, मग रस्त्याच्या पलीकडं जाऊन एक डोळा मिटून बघायचं. तू म्हणायचास, अजून झुकव. मी म्हणायचो, वळणावर पडशील. आपण दोघंही कधी असली गाडी जवळून बघितलेली नव्हती, तरी दोघंही ठामपणे भांडायचो. पुढच्या चाकाचे लांब पाय चंद्रपूरच्या लेथवाल्याकडून करून आणले. मागचे शॉकअप काढून तू सरळ पाइप जोडलास तेव्हा मी म्हटलं, आपल्या रस्त्यांवर पाठीचं भुस्काट होईल. "मंग हळू चालवजो," एवढंच तुझं उत्तर. आरटीओ विचारील त्याचं काय, या प्रश्नावर तर तू मला चहा आणायला पाठवलंस. इंजिनाच्या आणि चेसिसच्या नंबरांना मात्र तू ग्राइंडर शिवू दिला नाहीस. "बापाचं नाव हाय त्याच्यावर," म्हणालास.

हँडल वाकवायचा दिवस मला सगळ्यात जास्त आठवतो. नुसती नळी तापवून वाकवली की ती मध्येच चपटते. म्हणून तिच्यात वाळू ठासायची, दोन्ही तोंडं बंद करायची, मग गॅसनं लाल करून हळूहळू वळवायची. उमा नदीवरून आपणच पोतं भरून वाळू आणली होती. मी म्हणत होतो, अजून एक दिवस उन्हात राहू दे. तू म्हणालास, "सुकली, सुकली." नळी लाल व्हायला लागली आणि धाडकन आवाज झाला. आतल्या ओलीची वाफ झाली आणि एका तोंडाचं लाकडी बूच छपराचं टिन फोडून आभाळात गेलं. समोरच्या सलूनमधला माणूस हातात वस्तरा घेऊन धावत आला, त्याच्यामागं अर्ध्या दाढीला साबण लागलेलं गिऱ्हाईक. तू जमिनीवर बसला होतास. भुवयांवर वाळू. मला वाटलं, लागलं तुला. तू हळूच छपराच्या भोकाकडे बघितलंस आणि म्हणालास, "थोडी वली होती वाट्टे."

मी हसलो. मंदा गेल्यावर पहिल्यांदा हसलो, पोट धरून, भिंतीला टेकून, आणि हसता हसता त्याचं रडणं कधी झालं ते कळलं नाही. सलूनवाला बघत राहिला. तू त्याला म्हणालास, "जा बे तू. त्याच्या डोयात रेती गेली." आणि पाठ वळवून, रेती झाडायचं निमित्त करून, मला हवा तेवढा वेळ दिलास. याबद्दल आपण नंतर कधीच बोललो नाही.

भांडण झालं ते सीटवरून. चॉपरला एकच सीट शोभते, असं तुझं म्हणणं. मला मागची हवी होती.

"मागं कोन बसनार हाय?"

"कोनी नाई. तरी राहू दे."

"रिकामी सीट घेऊन हिंडशील काय गावभर?"

तू सहज बोललास, पण मला ते लागलं. मी पाना खाली ठेवून निघून आलो आणि पुष्कळ दिवस दुकानाकडं फिरकलो नाही. शेवटी तूच मिलवर आलास. कोंड्याच्या ढिगाजवळ उभा राहून, सगळ्या अंगाला खाज सुटलेली असताना, तू म्हणालास, "मागची लावू का नको ते मागून पाहू. आधी पुढची तं बनवू." मागच्या मडगार्डला तू बोल्टची भोकं पाडून ठेवलीस आणि सीट काही बनवली नाहीस. माफी मागायची तुझी तऱ्हा अशीच.

तोवर तुझं तोंड दुखायला लागलं होतं. शबानाभाभी सांगत होती, भाकर दुधात कुस्करून खातो, तिखट लावत नाही. तू म्हणायचास, दाढ आहे. तोंडात बोट जाईना, इतकं ते आखडलं, तरी तंबाखू-सुपारीचा खर्रा सुटला नाही. तुझी पुडी, माझी पुडी, एकाच ठेल्यावरची. दोघांनी एकाच वयात सुरू केलेली. मग नागपूर झालं, तुकडा काढून तपासायला पाठवणं झालं, आणि मोठं ऑपरेशन झालं. त्यात जबड्याची एक बाजू गेली. तू परत आलास तो तोंडाला दुपट्टा गुंडाळून.

दुकानात तू पहिल्यांदा आलास त्या दिवशी मला काहीतरी सांगितलंस. शब्दांची कडा गेली होती, नुसती हवा येत होती. मला काही कळलं नाही. मी "हो" म्हटलं. तू माझ्याकडं बघत राहिलास, मग लोखंडावर खुणा करायचा तो पांढरा खडू घेतलास आणि पत्र्यावर लिहिलंस, "हो काय हो? काय समजलं?"

पुढं आपली सगळी भांडणं त्या पत्र्यावर झाली. तू लिहायचास, मी बोलायचो, तू दुपट्ट्याच्या टोकानं पुसायचास. लिहायला वेळ लागतो, त्यामुळं तुझ्या शिव्या कमी झाल्या. एके दिवशी काम करता करता मी सवयीनं खिशातून पुडी काढली. तू ती माझ्या हातातून घेतलीस आणि तापलेलं लोखंड बुडवायच्या बादलीत टाकलीस. पत्र्यावर काही लिहिलं नाहीस. लिहायची गरजच नव्हती. तलफ अजून येते, इकबाल. त्या ठेल्यावरून जाताना मी रस्ता बदलतो.

रंग भाभीनं ठरवला, पिकल्या जांभळाचा. तुला काळा हवा होता, पण ती म्हणाली, काळं बघून बघून कंटाळले. गाडी तयार झाली तेव्हा थंडी सुरू झाली होती. सकाळी आपण ती मूल गावाच्या रस्त्याला काढली. कोणी चालवायची हे मी विचारलं नाही, तूही सांगितलं नाहीस. तू बसलास. इतका वाळला होतास की त्या उंच हँडलला तू लटकवल्यासारखा दिसत होतास. तीन-चार किक वाया गेल्या, मग तिनं धरलं. तो आवाज आपण बांधला होता, तरी दोघंही दचकलो. तू निघालास. मागं सीट नव्हती, म्हणून मी तलावाच्या पाळीवर उभा राहिलो.

आवाज ऐकू येईनासा झाला. मी वाट पाहिली. पुष्कळ वेळ झाला. त्या रस्त्याला वाघ आडवा येतो, हे आपल्याकडं कुणाला सांगावं लागत नाही, पण मला वाघ नव्हे, दुसरंच काहीतरी सुचत होतं. शेवटी एका दूधवाल्याच्या मोपेडवर कॅनला पकडून बसलो आणि निघालो. जंगल सुरू होतं तिथल्या मोरीच्या कठड्यावर तू बसला होतास. गाडी शेजारी उभी, धड. मी धावत आलो. तू तोंडावरचा दुपट्टा सोडून मांडीवर ठेवला होतास. घराबाहेर मी तुझा तो चेहरा तेव्हा पहिल्यांदा पाहिला. गालाच्या खड्ड्यावर, टाक्यांवर सरळ ऊन पडलं होतं.

"काय झालं? काऊन थांबला?"

तू बोललास, आणि त्या दिवशी मला एकेक शब्द समजला. "इथी कोनी पाह्यत नाई बे."

मी कठड्यावर तुझ्या बाजूला बसलो. मीही पाहिलं नाही, समोर सागाकडं बघत राहिलो. थोड्या वेळानं तू बोटानं धुळीत लिहिलंस, सिरोंचा. तिथं प्राणहिता गोदावरीला मिळते, ते तुला बघायचं होतं. मी म्हटलं, एका सीटच्या गाडीवर दोघं जायचे कसे? तू हातवारे करून मला समजावलंस: एक जण गाडीवर, एक जण एसटीत, आलापल्लीला अदलाबदल. मी म्हटलं, दुखणं ओसरू दे, उन्हाळ्याआधी जाऊ. तू मान डोलावलीस.

उन्हाळ्याआधी गळ्यावर पुन्हा गाठ आली.

शेवटचे आठवडे मी रोज तुझ्याकडं येऊन बसायचो. काय बोललो मी? कार्बोरेटर ओव्हरफ्लो होतो. साखळी सैल झाली. मिलमधला मालक मोटर बदलत नाही. तू डोळे मिटून ऐकायचास. खरं म्हणजे मला सांगायचं होतं की तू गोठ्यातून ती गाडी नेली नसतीस, तर मी त्या वर्षी कुठं असतो कोण जाणे. रोज घरून ठरवून निघायचो की आज सांगू. आणि खाटेजवळ बसलो की साखळी, कार्बोरेटर. तसं काही बोललो असतो तर तुझ्या अंगात जोर होता तोवर तू पाना फेकून मारला असतास. आणि जोर नव्हता तेव्हा ते बोलणं म्हणजे निरोप घेणं झालं असतं. मला निरोप घ्यायचा नव्हता. आता सांगतो. ऐकू येत असेल तर मार फेकून पाना.

मंदाला मी अग्नी दिला होता. तुला माती दिली. तुझ्या भावानं हाताला धरून पुढं नेलं मला, म्हणाला, "तू बी टाक, तू घरचा हायेस." माती ओली होती, बोटांना चिकटली. घरी आल्यावर हात धुवायचं मन होत नव्हतं.

परवा सुटी होती. अंगणात बसवेना. पल्लवीचा फोन आला, "बाबा, जेवलात?" मी पहिल्यांदाच खरं सांगितलं, नाही जेवलो. ती म्हणाली, "बाहेर कुठंतरी जा ना बाबा. जाऊन खा." मी किक मारली. मूल, सावली, नदी ओलांडून गडचिरोली, चामोर्शी. प्रत्येक चौकात पोरं हात करत होती. तुझ्या सरळ पाइपांनी माझी पाठ खरंच मोडली. धानाची रोपं नुकतीच लावलेली होती, बांधावरच्या बाया कंबर सरळ करून बघत होत्या. आष्टीनंतर जंगल दाट झालं, आणि मग तासभर कोणीच भेटलं नाही. इतकी चांगली गाडी चालली, इकबाल. मला आवाजात काही खोट सापडेना. सापडली असती तर बरं झालं असतं, थांबून खाली वाकलो असतो, काहीतरी केलं असतं. एकट्या माणसाला नीट चाललेली गाडी फार अवघड जाते.

आलापल्लीला हॉटेलासमोर गाडी लावली, आलूबोंडा आणि चहा घेतला. पुढं सिरोंच्याचा रस्ता होता. इथं आपण अदलाबदल करणार होतो. मी पुढं गेलो नाही. जाणारही नव्हतो बहुतेक.

पोरं फोटो काढून गेली. मग एक म्हातारा आला, माडिया आदिवासी असावा, खांद्यावर टॉवेल, पायात प्लास्टिकचे बूट. त्यानं फोटोबिटो काही काढला नाही. खाली बसला, हँडलखालच्या मानेवर जिथं तू जोड दिला आहेस तिथून बोट फिरवत गेला. बोट कुठं अडलं नाही तसं त्यानं वर बघितलं.

"कोन बनवला?"

"माह्या दोस्तानं."

"हात साजरा हाय त्याचा." तो उठला, टॉवेलला बोट पुसलं. "माह्या घरी राजदूत गाडी हाय. जुनी. मोहाच्या झाडाखाली पडली हाय. पोरगा म्हनते, भंगारात दे. करून देईल काय तुमचा दोस्त?"

मी चहाचा ग्लास हातात धरून उभा होतो. गेला, असं सांगायला तोंड उघडलं होतं.

"देईल," म्हटलं.

"कुठी राह्यते?"

"सिंदेवाहीले. बसस्टँडच्या मागं दुकान हाय."

"धान निंगाला का घेऊन येतो म्हना. सांगजा त्याले."

"सांगतो," म्हटलं.

तो गेल्यावर बराच वेळ मी तिथंच उभा होतो. माणूस साधा होता, खोटं नव्हता बोलत. तो खरंच येईल. तेव्हा शटर कोण उघडेल, त्याला मी काय तोंड दाखवीन, मला माहीत नाही. पण शब्द दिला आहे, म्हणून सांगतो.

इकबाल, आलापल्लीकडचा एक म्हातारा आहे. त्याची राजदूत आहे. धान निघालं की घेऊन येतो म्हणाला.